बदकाचं अंडं आणि घरातलं ताट
(केज येथील जिल्हा बैठकीत, महिलांच्या सत्रात केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत एका बहिणीनं एक प्रश्न विचारला होता. तिच्या घरच्यांनी शेततळं केलंय, त्यात पाच-सहा बदकं सोडलीत. तिनं विचारलं, "बदकाची अंडी कोंबडीच्या अंड्यासारखीच खायची का? त्यानं काही बाधत तर नाही ना?" सभेत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "बाई, इथं कापसाच्या भावाचं चाललंय!" ती बहीण खाली बसली. प्रश्न तसाच राहिला.

मला त्या हसण्याचं वाईट वाटलं. कापसाच्या भावाचं आपण बोलतो ते कशासाठी? घरातल्या पोरांच्या ताटात चार घास चांगले पडावेत म्हणूनच ना? मग ताटाचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा कसा? म्हणून आज मी बदकाच्या अंड्यावरच बोलणार आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

आधीच एक सांगते. माळकरी घरं आहेत, अंडं न खाणारी माणसं आहेत. त्यांनी खावं असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरात अंडं चालतं त्यांच्यापुरतं माझं बोलणं आहे.

अंडं विकायचं की खायचं?

आपल्या घरात कोंबड्या पूर्वीपासून आहेत. पण अंडी खाल्ली कोणी? माझी आई अंडी गाडग्यात, ज्वारीत पुरून ठेवायची आणि आठवडी बाजाराला न्यायची. त्याचं मीठ यायचं, रॉकेल यायचं, पोरांच्या वह्या यायच्या. अंडं म्हणजे बाईचा बटवा. पोराला अंडं मिळायचं ते ताप येऊन गेल्यावर, एखाद्या दिवशी. आईनं स्वतः किती खाल्ली ते मी बोटावर मोजून सांगू शकते.

आज गावठी अंड्याला शहरात चांगला भाव येतो. म्हणजे ते घरात राहण्याची शक्यता आणखी कमी झाली. आपण गावरान अंडं विकतो आणि पोराला दुकानातून पाच रुपयांचा पुडा आणून देतो. हा व्यवहार कोणत्या शहाणपणाचा?

इथंच बदकाच्या अंड्याची गंमत आहे. आपल्याकडच्या बाजारात त्याला गिऱ्हाईकच नाही. व्यापारी विचारत नाही, हॉटेलवाला घेत नाही. एरवी बाजार नसणं हे शेतकऱ्याचं मरण. पण इथं बाजार नाही म्हणूनच अंडं घरात राहतं आणि पोराच्या ताटात जातं. याचा अर्थ बाजार नको असा नाही. बाजार कसा उभा करायचा तेही अंड्यानंच दाखवलंय. कोंबडीच्या अंड्याचा भाव पूर्वी व्यापारी ठरवायचे आणि उत्पादकाचा खर्चही निघत नसे. 1982 साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं उत्पादक एकत्र आले, त्यांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली आणि अंड्याचा भाव उत्पादकांची संघटनाच रोज जाहीर करू लागली. अंडंवाल्यांना जे सुचलं ते कापूसवाल्यांना अजून नीट जमलेलं नाही. तो विषय आज सोडते.

कोण खातं ही अंडी?

आपल्याकडे बदक म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण केरळात आलप्पुळ्ळाकडे, कुट्टनाड भागात भाताची कापणी झाली की बदकांचे कळप शेतात सोडतात. सांडलेलं भात, गोगलगायी, किडे खात कळप एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. आपल्याकडे धनगर मेंढरं बसवतात, तसाच तो प्रकार. तिथं बदकाच्या अंड्याचा रस्सा आवडीनं खातात.

बंगालात तर आणखी नवल. जुन्या वळणाच्या हिंदू घरांत कोंबडी आणि कोंबडीचं अंडं निषिद्ध होतं, पण बदकाचं अंडं चालायचं. म्हणजे आपल्या बरोबर उलटं! आपल्याला कोंबडीचं अंडं साधं वाटतं आणि बदकाचं विचित्र. त्यांच्या आजीला कोंबडीचं विचित्र वाटायचं. अंडं तेच, सवय वेगळी. आपल्याच महाराष्ट्रात वसई-मुंबईकडच्या ख्रिस्ती गावांत बदकाचं मोईल सणाला करतात. चीनमध्ये बदकाची अंडी मिठाच्या पाण्यात तीन-चार आठवडे मुरवून ठेवतात आणि मग उकडून भातासोबत खातात. तेव्हा "बाधतं का?" या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की कोट्यवधी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ही अंडी खात आली आहेत.

फरक काय?

कोंबडीचं अंडं साधारण 50 ते 55 ग्रॅमचं, बदकाचं 70 ग्रॅमच्या आसपास. म्हणून स्वयंपाकात दोन बदकाची म्हणजे जवळजवळ तीन कोंबडीची असा हिशेब धरा. कोंबडीच्या एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, बदकाच्या अंड्यात नऊ. बलक मोठा असतो, त्यामुळे स्निग्धांश जवळजवळ दुप्पट. लोह जास्त, आणि ब-12 जीवनसत्त्व तर कितीतरी पटीनं जास्त. आपल्या ज्वारीत, डाळीत, भाजीत ब-12 मुळीच नसतं. ज्या घरात दूध डेअरीला जातं आणि मटण सणालाच शिजतं, त्या घरात ते यायचं कुठून?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 54 टक्के रक्त कमी असलेल्या निघाल्या. पाच वर्षांखालच्या पोरांत तर 69 टक्के. हे आकडे साऱ्या राज्याचे आहेत. आपल्या तालुक्यातून कोयता घेऊन फडावर जाणाऱ्या बाईची स्थिती यापेक्षा बरी असेल असं इथल्या कोणाला वाटतं का?

पण मी अंड्याचा देव करणार नाही. अंड्यातलं लोह अंगाला कमी लागतं. रक्त कमी असेल तर दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच, हिरवी भाजी लिंबू पिळून खायचीच, आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही. अंडं हे त्याच्या जोडीला. दुसरं म्हणजे बदकाच्या एका अंड्यात कोलेस्टेरॉल 600 मिलिग्रॅमच्या वर असतं, कोंबडीच्या अंड्याच्या तिपटीहून जास्त. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, साखर आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून खावं. वाढत्या पोरांना आणि राबणाऱ्या माणसांना मात्र ते अंगी लागणारं अन्न आहे.

करायचं कसं?

आता बायांनी नीट ऐकावं, आणि पुरुषांनीही. चूल काही फक्त आमच्या नावावर लिहून दिलेली नाही.

पहिली गोष्ट, बदकाचं अंडं कच्चं किंवा अर्धं कच्चं खायचं नाही. बदक ओल्यात बसतं, चिखलात अंडं घालतं, कवचाला घाण लागते. त्या घाणीतून पोटाचे आजार होतात. दुधात कच्चं अंडं फेटून पोराला पाजायची रीत असेल तर ती बंद करा. घाण लागलेलं अंडं शिजवायच्या वेळी धुवा. धुऊन बरेच दिवस ठेवू नका, कारण धुतलेलं अंडं लवकर नासतं.

शंका असेल तर अंडं पाण्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. उभं राहिलं तर लवकर खाऊन टाका. तरंगलं तर उकिरड्यावर.

उकडताना गार पाण्यात अंडी ठेवा, उकळी आली की आच कमी करा आणि बारा मिनिटं ठेवा. मग गार पाण्यात टाका. मोठ्या आचेवर खळाखळा उकळलं तर पांढरं रबरासारखं होतं, दाताला चिवट लागतं, आणि बलकाभोवती हिरवट कडं येतं. "बदकाचं अंडं चिवट असतं" म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणींनी ते जास्त उकळलेलं असतं. कवच जाड असतं. ते जोरानं आपटावं लागतं, म्हणून आधी वाटीत फोडून पाहा, मगच कढईत घाला.

भुर्जीला तेल निम्मं पुरतं, बलकातच भरपूर स्निग्धांश असतो. कांदा, हिरवी मिरची, लसूण जरा सढळ हातानं, हळद, वरून कोथिंबीर. आच मंद. दोन अंड्यांत कांदा-टोमॅटो वाढवला तर तीन माणसांची भाकर निघते. रस्सा करायचा तर आपलं नेहमीचं वाटण, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला. घट्टपणासाठी थोडं येसर लावलं तरी चांगलं लागतं. उकडलेल्या अंड्याला चिरा द्या म्हणजे रस आत जातो. बदकानं तळ्यातल्या गोगलगायी आणि मासोळी जास्त खाल्ली तर अंड्याला थोडा वास येतो. लसूण-आल्यानं तो जातो, आणि दाणा वाढवला की आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतो.

माझी चूक

आता मी माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल.

शेततळं झाल्यावर मी बदकाची बारा पिल्लं आणली. खरिपाची ज्वारी त्या वर्षी काढणीला पावसात सापडली होती आणि कणसं काळी पडली होती. बाजारात नेली तर कोणी हात लावेना. म्हटलं, माणसाला चालत नाही तर पाखराला चालेल. ती ज्वारी भरडली, कोपऱ्यात ओल लागलेली शेंगदाण्याची पेंड होती, ती त्यात मिसळली आणि पिल्लांना घातली. पिल्लं आधी मलूल झाली, मग लंगडायला लागली. दहा-बारा दिवसांत नऊ मेली. मला वाटलं साथ आली. जनावरांच्या डॉक्टरांनी एक मेलेलं पिल्लू फाडून दाखवलं. काळीज पिवळट पडून सुजलेलं होतं. ते म्हणाले, "बाई, साथ नाही. तुम्हीच विष घातलंत."

ते विष म्हणजे बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. 1960 साली इंग्लंडात एक लाखाच्या वर टर्की पक्षी असेच मेले, बदकाची पिल्लंही मेली. तपास केला तर ब्राझीलमधून आलेली शेंगदाण्याची पेंड बुरशीची निघाली. त्या तपासातूनच हे विष जगाला कळलं. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं नाजूक, की धान्यात विष आहे की नाही ते तपासायला शास्त्रज्ञ बदकाचं एक दिवसाचं पिल्लूच वापरायचे. आणि मी त्याच पिल्लाला ती पेंड खाऊ घातली!

शिजवून, भाजून हे विष जात नाही. म्हणून काळी पडलेली ज्वारी, बुरशीचा मका, कुबट वासाची पेंड बदकाला घालायची नाही. गाईलाही घालायची नाही, कारण ते विष दुधात उतरतं आणि ते दूध आपलंच पोर पितं.

सरकीचंही असंच. कापूसवाल्याच्या घरी सरकी पेंड असतेच. गाय-म्हैस ती पचवते, तिच्या पोटाची रचना वेगळी. पण अंड्यावरच्या पाखराला ती घातली तर सरकीतलं गॉसिपॉल नावाचं द्रव्य बलकात उतरतं. अंडं काही दिवस ठेवून फोडलं की बलक हिरवट-काळपट निघतो, कधी पांढरं गुलाबी पडतं. मग घरात बोलणं होतं, "बदकाचं अंडं असलंच घाण." अंडं घाण नसतं, पेंड चुकलेली असते.

हिशेब

आपण हिशेबाची माणसं. पाच माद्या धरा. एक बदक दिवसाला सरासरी 130 ग्रॅम दाणा खातं. पाचांचे 650 ग्रॅम, वर्षाचे 237 किलो. खाकी कॅम्पबेल नावाची जात पूर्ण खुराकावर वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते असं पुस्तकात असतं. आपल्या हातात, आपल्या उन्हाळ्यात निम्मीच धरा, दीडशे. पाचांची 750. म्हणजे एका अंड्यामागं 316 ग्रॅम दाणा. दाणा 30 रुपये किलो धरला तर एक अंडं साडेनऊ रुपयांना पडलं. शिवाय अंडी सुरू होण्याआधी पाच महिने प्रत्येक पिल्लू साडेबारा किलो खाऊन बसतं, ते वेगळंच.

म्हणजे सगळा दाणा विकत आणून बदकं पाळायची आणि अंडी विकायची, हा धंदा आपल्याकडे आतबट्ट्याचा. कोणी शिबिर घेऊन शंभर बदकांचं स्वप्न दाखवलं, तर त्याला आधी विचारा, "अंडी तू लेखी भावानं घेणार का?" उत्तर काय येतं ते बघा.

पण निम्मं पोट बदकानं स्वतः भरलं, म्हणजे बांधावरचं गवत, किडे, गोगलगायी, खळ्यावरचा सांडलेला दाणा, घरातलं उष्टं यांवर, तर तेच अंडं पावणेपाच रुपयांत पडतं. आणि 750 अंडी पाच माणसांच्या घरात वाटली तर माणशी आठवड्याला जवळजवळ तीन येतात. नऊ ग्रॅम प्रथिनं पावणेपाच रुपयांत. घरात खायला हा व्यवहार परवडतो. चार-पाच बदकं म्हणजे घराची गरज, पन्नास म्हणजे घराला लागलेली कीड.

पाणी आणि रोग

कोणी म्हणेल, "केज तालुक्यात बदक? इथं माणसाला पाणी नाही." खरं आहे. आपल्याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. ते आटलं म्हणून एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते आपण पाहिलंय. पण बदकाला पोहायला तळं लागतंच असं नाही. चोच आणि डोकं बुडेल एवढं पाणी घमेल्यात असलं तरी ते अंडी देतं. दाणा खाताना पाणी मात्र शेजारी लागतंच, नाहीतर घास अडकतो. उन्हाळ्यात सावली नसेल आणि तेवढंही पाणी पुरवता येत नसेल तर बदक आणूच नका.

शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर ते निसरडं असतं. पिल्लू आत गेलं की बाहेर येत नाही, दमून बुडतं. पोत्यांची किंवा फळीची उतरंड करून द्या. तळ्याला कुंपण हवंच, ते बदकासाठी नाही तर आपल्या लेकरांसाठी. बदकाच्या विष्ठेनं पाण्यात शेवाळ वाढतं आणि ठिबकचे ड्रिपर तुंबतात, म्हणून मोठ्या तळ्यात चार-पाचच ठेवा आणि गाळणी वेळेवर धुवा.

बदक बहुतेक अंडी पहाटेपासून सकाळी नऊच्या आत घालतं. तोवर खुराड्यात कोंडून ठेवा, नाहीतर अंडं तळ्याच्या तळाशी. खाकी कॅम्पबेल स्वतः अंड्यावर बसत नाही. पिल्लं हवी असतील तर खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवा. तिची स्वतःची 21 दिवसांत फुटतात, बदकाची 28 दिवस घेतात, तेव्हा तिला आठवडाभर जास्त सांभाळा. नुसती खायची अंडी हवी असतील तर नर लागतही नाही. मादी मोठ्यानं ओरडते, नराचा आवाज घोगरा असतो आणि त्याच्या शेपटीचं पीस वर वळलेलं असतं. विकत घेताना एवढं पाहा, नाहीतर पाच नर घेऊन अंड्याची वाट बघत बसाल.

आणि एक धोक्याची गोष्ट. कोंबड्यांचा बर्ड फ्लू आपल्याला माहीत आहे. 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला, जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्याला. जानेवारी 2025 मध्ये उदगीरला कावळे मेले तेही त्यानंच. बदकाचं वाईट असं, की ते आजारी न दिसताही हा रोग वागवू शकतं. म्हणून कोंबड्या आणि बदकं एका खुराड्यात ठेवायची नाहीत. पाखरं एकाएकी मरायला लागली तर मेलेलं पाखरू हातानं उचलायचं नाही, शिजवायचं तर नाहीच, आधी जनावरांच्या दवाखान्यात कळवायचं. बदकाच्या प्लेगची लसही तिथंच विचारून घ्या.

शेवटचं

सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात पोरांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्याला केळं. जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचे पैसे बंद केले आणि सांगितलं की लोकवर्गणीतून द्या. पाच रुपयांचं अंडं सरकारला जड झालं. ज्या शेतकऱ्याच्या कापसाला खर्चाएवढा भाव मिळत नाही, त्याच्याच पोराच्या ताटातलं अंडंही काढून घेतलं, आणि वर म्हणतात, वर्गणी काढा!

ते अंडं परत मिळवायचं तर त्यासाठी ठराव करू, मागणी करू, भांडू. पण पोराचं वाढीचं वय सरकारी कागदाची वाट बघत थांबत नाही. तोवर आपल्या हातात जेवढं आहे तेवढं करू.

त्या बहिणीला माझं उत्तर असं. बाई, खा. पूर्ण शिजवून खा, पोरांना दे, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलं तर खाईन असं म्हणू नकोस. आपल्या घरात अंडी पाच आणि माणसं सहा असली की सहावी कोण असते ते या मांडवातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. यापुढं अंडी सहा उकडायची. पाचच असली तर कापून वाटायची. एवढा एक ठराव आजच्या बैठकीत व्हावा, आणि मघाशी जे हसले त्यांनीच त्याला अनुमोदन द्यावं, एवढं बोलून मी थांबते.